इंदूरचा रस्ता कॅमेऱ्यात उशिरा आला

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फोटो काढणारे आज राजवाड्यासमोर जागोजाग दिसतात. याच शहरात कॅमेरा पहिल्यांदा स्थिरावला तेव्हा मात्र त्याचं लक्ष गर्दीकडे नव्हतं.

लाला दीनदयाळ 1866मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला रुजू झाले. 1874च्या सुमारास त्यांनी फोटोग्राफी हाती घेतली. ब्रिटिश एजंट सर हेन्री डेली आणि तुकोजीराव होळकर दुसरे यांचं पाठबळ मिळालं. नंतरचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर हिंडून टिपलेल्या मध्य भारतातल्या वास्तूंचा संग्रह 1886मध्ये निघाला. त्यात मान होता देवळांना आणि किल्ल्यांना.

रस्ता सुटला याचा दोष नुसत्या दरबारी नजरेचा नाही. त्या काळच्या ओल्या पद्धतीत काचेवर कोलोडिअन या चिकट द्रवाचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत धुऊन काढायची. म्हणजे काळोखा तंबू सतत बरोबर. एक्स्पोजर सेकंदांत मोजायचं. तेवढ्यात चालता माणूस काचेवर धुरकट डाग होऊन उरे किंवा पार नाहीसा होई. जुन्या फोटोंतले बरेच रस्ते ओस दिसतात ते यामुळे. लोक होतेच की!

हातात मावणारा, 35 मिमी फिल्मचा लायका कॅमेरा 1925मध्ये बाजारात आला आणि जगभर रस्ता टिपणं सोपं झालं. इंदूरच्या वाट्याला त्या काळातली नवी फोटोग्राफी आली ती मात्र युरोपात, अमेरिकन फोटोग्राफर मॅन रेने काढलेल्या इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगिताराजेंच्या फोटोंच्या रूपात.

रस्ता बघायची सवय या शहराला लावली ती चित्रकारांनी, असं माझं मत आहे. दत्तात्रय देवळालीकरांनी 1927मध्ये इथे चित्रशाळा काढली. बेंद्रे, हुसेन, विष्णू चिंचाळकर हे सगळे त्यांच्या हाताखालचे. चिंचाळकर गुरुजींना तर टाकाऊ वस्तूतही चेहरा दिसे. आजच्या फोटोवाल्यांचे खरे पूर्वज मला दीनदयाळांपेक्षा हे लोक वाटतात.

पुढे नोंदीचं मोल कळलं ते नुकसानातून. 1984च्या दंगलीत राजवाडा जळाला. 1991मध्ये हुकूमचंद मिल बंद पडली. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाक्या (चित्ररथ) निघतात, भोंगा मात्र वाजत नाही. अशा वेळी जुन्या फोटोत मुख्य विषयापेक्षा कडेला आलेली दुकानाची पाटी किंवा सायकल जास्त बोलते. ती कुणी मुद्दाम टिपलेली नसते.

दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्याचा बाजार असलेल्या सराफ्यात बहुतेक जण रात्री उशिरा जातात आणि गराडू (तळलेला कंद) नि जिलबीचे फोटो घेऊन परततात. त्याआधीचा अदलाबदलीचा वेळ जास्त मोलाचा: सराफ शटर ओढतोय, आणि त्याच्याच ओट्यासमोर भुट्ट्याच्या किसाची कढई चढतेय.