मैदानं ओस, दूध उतू

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि कोल्हापूरचा बाकीच्या महाराष्ट्राशी संबंध काही दिवस जवळजवळ तुटला. दुकानांतला माल भिजून कुजला, विजेच्या मोटारी जळाल्या, गाद्या रस्त्यावर आल्या. पण पाणी ओसरलं तशी गिऱ्हाइकांची रांग लागली. झाडू, फिनेल, रंग, गाद्या, वायरिंग, सगळ्यालाच मागणी. त्यानंतर सात महिन्यांनी लॉकडाऊन आला. या वेळी माल कोरडा, शटर शाबूत, फडताळं भरलेली आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

दोन्ही संकटांत धंदा बुडाला, पण बुडण्याची रीत उलटी होती. पुरात वस्तू जातात, माणसांची गरज राहते. साथीत वस्तू राहतात, माणसांचं एकत्र येणं जातं. आणि कोणतं एकत्र येणं जातं, हे त्या रोगाचा जंतू कोणत्या वाटेनं प्रवास करतो यावर ठरतं. साथीच्या आर्थिक परिणामांबद्दल बरंच लिहिलं गेलं. हा मुद्दा मात्र त्यात बहुतेकदा हरवतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तो दख्खनभर पसरला. शाहू महाराजांच्या कारकिर्दीची सुरुवातीची वर्षं दुष्काळ आणि प्लेग यांच्याशी झुंजण्यात गेली. प्लेगचा जंतू उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून माणसात येतो. उंदीर धान्याच्या कोठाराजवळ आणि जुन्या घरांच्या भिंतीत राहतात. म्हणून लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे. घर धोक्याचं, मोकळं रान सुरक्षित. कॉलरा पाण्यातून येतो, त्यामुळे त्याची धास्ती यात्रांना आणि पाणवठ्यांना. कोरोना श्वासातून येतो, म्हणून घर सुरक्षित ठरलं आणि गर्दी धोक्याची. गंमत म्हणजे प्लेगसाठी १८९७ साली केलेला साथरोग कायदाच २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. जंतूची वाट बदलली होती, कायदा तोच.

आता श्वासातून पसरणाऱ्या रोगासमोर कोल्हापुरातलं कुस्तीचं खासबाग मैदान ठेवून बघा. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ मध्ये पुरं झालेलं हे मैदान बशीसारखं आहे. मध्ये हौदा, भोवती चढत जाणारी बैठक, कुठंही बसा, कुस्ती दिसते. दिसण्याची ही सोय खांद्याला खांदा लावून बसण्यातूनच येते. त्यात हलगी घुमायला लागली आणि एखाद्यानं घिस्सा डाव मारला की हजारो माणसं एकदम ओरडतात. माणूस जितक्या मोठ्यानं बोलतो तितके जास्त सूक्ष्म थेंब तोंडातून बाहेर पडतात, हे प्रयोगशाळेत कोरोनाच्या आधीच मोजलं गेलं होतं. उघड्या मैदानात हवा खेळती असते, हा प्रेक्षकांच्या बाजूचा मुद्दा. पण मैदानावर जाताना वडापच्या जीपमध्ये कोंबलेली माणसं, नंतर चहाच्या टपरीवरचा घोळका, हे सगळं कुस्तीच्या हिशेबातच धरावं लागतं.

शिवाय हा रोग सगळ्यांकडून सारखा पसरत नाही. बरेच बाधित कुणालाच लागण देत नाहीत, आणि थोडेजण एका बैठकीत कित्येकांना देतात. सुमारे १० ते २० टक्के बाधितांकडून ८० टक्क्यांच्या आसपास प्रसार होतो, असे अंदाज अभ्यासकांनी मांडले. त्यामुळे एका मोठ्या गर्दीचा धोका लहान लहान भेटींच्या बेरजेपेक्षा वेगळ्या जातीचा असतो. १९ फेब्रुवारी २०२० ला इटलीत मिलानच्या मैदानावर अटलांटा आणि व्हॅलेन्सिया यांचा फुटबॉल सामना झाला. अटलांटाचं गाव बर्गामो. तिथून सुमारे ४० हजार माणसं सामन्याला गेली. पुढच्या महिन्यात बर्गामो हे युरोपातल्या साथीचं सर्वांत भीषण गाव ठरलं. सगळा दोष त्या एका संध्याकाळचा नाही, विषाणू आधीच फिरत होता. पण त्या सामन्यानं आगीत तेल ओतलं असावं, असं तिथल्या अनेक डॉक्टरांचं मत पडलं.

म्हणून खेळ सगळ्यात आधी बंद झाले. अर्थव्यवस्थेच्या कागदावर त्यांचा वाटा छोटा, बंद केल्यानं तुटणाऱ्या गाठीभेटी मात्र प्रचंड. कागदावर हा हिशेब बरोबर आहे. पण कोल्हापूर-सांगलीकडचा पैलवान त्या कागदावर कुठं असतो?

कुस्तीचा हंगाम म्हणजे यात्रा-जत्रांचा हंगाम. चैत्रात जोतिबाची यात्रा, मग गावोगावच्या जत्रा, आणि प्रत्येक जत्रेला कुस्त्यांचा फड. लोकवर्गणीतून इनाम ठरतं, नारळापासून सुरू होऊन शेवटच्या जोडीपर्यंत ते चढत जातं. पैलवानाचं वर्षाचं उत्पन्न या दोन-तीन महिन्यांत गोळा होतं आणि खर्च बारा महिने चालतो. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण. खुराक थांबवला तर कमावलेलं अंग उतरतं. २०२० च्या मार्चमध्ये बंदी आली ती नेमकी चैत्राच्या तोंडावर, आणि २०२१ मध्येही दुसरी लाट चैत्रातच चढली. दोन हंगाम सलग गेले. तालमीतली परगावची पोरं घरी गेली, कुणी शेतात, कुणी हमालीला. महाराष्ट्र केसरी जानेवारी २०२० मध्ये पुण्यात झाली, त्यानंतर थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात. पैलवानाच्या उमेदीची वर्षं मोजकीच असतात. त्यातली दोन गेली ती गेलीच.

अर्थशास्त्रात लांबलेली मागणी आणि बुडालेली मागणी यांत फरक करतात तो इथं कामाला येतो. एप्रिलमध्ये फ्रिज घ्यायचा राहिला तर माणूस दिवाळीत घेतो. एप्रिलमधली जत्रा दिवाळीत भरत नाही. त्या दिवशी न खपलेलं तिकीट, न वाजलेली हलगी, मैदानाबाहेरची न खपलेली भेळ यांची भरपाई पुढच्या वर्षी दुप्पट भेळ खाऊन कुणी करत नाही. म्हणूनच ही मंदी नेहमीच्या मंदीसारखी नव्हती. एरवी मंदीत लोक गाडी, टीव्ही, फर्निचर पुढं ढकलतात आणि केस कापणं, हॉटेलात जेवणं फारसं सोडत नाहीत. कोरोनात सेवा आधी कोसळल्या आणि वस्तूंना तुलनेनं लवकर गिऱ्हाईक मिळालं.

ज्या खेळाला टीव्ही आहे तो तगला. २०२० ची आयपीएल सप्टेंबर ते नोव्हेंबर अशी संयुक्त अरब अमिरातीत झाली, प्रेक्षकांशिवाय. कारण तिचा मुख्य पैसा तिकीट खिडकीवर नव्हताच. २०२१ मध्ये ती भारतात सुरू झाली आणि खेळाडूच बाधित झाल्यानं मेच्या पहिल्या आठवड्यात थांबवावी लागली, उरलेली पुन्हा अमिरातीत. टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढं गेलं आणि जवळपास सगळं रिकाम्या स्टेडियममध्ये झालं. जत्रेतल्या फडाला अशी सोय नाही.

रिकाम्या स्टेडियमनी शास्त्रज्ञांना मात्र एक आयता प्रयोग दिला. घरच्या मैदानावर संघ जास्त जिंकतात, हे सगळ्यांना ठाऊक. पण कशामुळे? प्रवासाचा शीण नाही म्हणून, मैदान ओळखीचं म्हणून, की प्रेक्षकांमुळे? २००२ साली इंग्लंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात ४० पंचांना एकाच फुटबॉल सामन्यातल्या ४७ झटापटींची चित्रफीत दाखवली होती; काहींना आवाजासकट, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले. मे २०२० मध्ये जर्मनीची फुटबॉल लीग बुंडेसलीगा प्रेक्षकांविना सुरू झाली, मग बाकीच्या लीग. सामन्यांचे आकडे जमा झाले तेव्हा हाच ढंग दिसला. पाहुण्या संघाला एरवी जास्त मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली. निकालांवरचा परिणाम एकसारखा नव्हता. काही लीगमध्ये घरचा फायदा ठळक घटला, काहींत जेमतेम.

माझ्या मते या प्रयोगाला युरोपापेक्षा कोल्हापूर जास्त योग्य होतं. इथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ अशा सगळ्या पेठांचे फुटबॉल संघ एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात. प्रवास कुणालाच नाही, मैदान सगळ्यांच्या सारखंच ओळखीचं. फरक राहतो तो गॅलरीत कुठल्या पेठेची पोरं जास्त, एवढाच. म्हणजे आवाजाचा परिणाम अगदी निव्वळ मोजता आला असता. पण इथं प्रेक्षकांशिवाय सामना घ्यायचा कुणासाठी, हा प्रश्न उरतोच.

आता बाजाराकडं. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात किराणा दुकानांपुढं दोरी बांधलेली, रस्त्यावर चुन्याचे गोल, आणि मोबाइलवर पाठवलेल्या याद्या: तूरडाळ, शेंगदाणे, पोहे, चिरमुरे, तेलाचा डबा. लोक साठेबाजी करतात म्हणून तेव्हा खूप बोललं गेलं. पण माल संपायला कुणी हावरट असावं लागत नाही. समजा, एका दुकानाची १०० घरं नेहमीची गिऱ्हाइकं आहेत आणि प्रत्येक घर आठवड्याला एक किलो तूरडाळ नेतं. दुकानदार शहाणा आहे, दीडशे किलो ठेवतो. आता बातम्या ऐकून प्रत्येकानं एकाऐवजी दोन किलो नेली. पंचाहत्तर घरांनंतर दुकानातली डाळ संपली, पंचवीस घरं हात हलवत परत. ती पंचवीस घरं दुसऱ्या दुकानात धावतात आणि तिथं दोनऐवजी तीन किलो मागतात. दुकानदार घाबरून लक्ष्मीपुरीतल्या घाऊक व्यापाऱ्याकडं दोनशे किलोची मागणी नोंदवतो, व्यापारी मिलकडं त्याहून जास्त. पुढच्या आठवड्यात घरात डाळ आहेच, म्हणून कुणी फिरकत नाही, आणि दुकानात पोती पडून. खाणारी तोंडं तेवढीच, खाणं तेवढंच. तरी साखळीत जितकं वर जावं तितकी उसळी मोठी. अमेरिकी अभ्यासक जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये हे गणितानं मांडलं. पुढं एका कंपनीला बाळांच्या लंगोटांच्या मागणीत असाच चढउतार दिसला, बाळं तर सारखाच वापर करत होती. याला चाबकाचा परिणाम म्हणतात: मुठीत थोडी हालचाल, टोकाला मोठा फटका.

कोल्हापूर या चाबकाच्या टोकाला आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्रीत वाहनांचे सुटे भाग ओतले जातात, म्हणजे गाडी विकत घेणाऱ्यापासून इथली भट्टी चार-पाच पायऱ्या लांब. एप्रिल २०२० मध्ये मारुतीनं देशात एकही गाडी विकली नाही. शोरूममधली ती शून्य विक्री भट्टीपर्यंत येईतो ऑर्डरी रद्द होणं, थकलेली बिलं आणि परप्रांतीय मोल्डरांचं गावी निघून जाणं या रूपात आली. मागणी परतली तेव्हा उलटा फटका: माल हवाय, हात नाहीत. कोल्हापुरात उद्योगावर लिहिताना लोक धोरणं आणि कर यांवर बोलतात, पण या लांबच्या साखळीचा त्रास वेगळाच आहे, आणि तो कुठल्याही सरकारच्या हाताबाहेरचा आहे.

पैसे देण्याची सवयही बदलली. एप्रिल २०२० मध्ये देशात यूपीआयचे व्यवहार जेमतेम १०० कोटी होते, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात २०० कोटींच्या वर गेले. भाजीवाल्या मावशींच्या पाटीवर क्यूआर कोड आला तो याच काळात. आणि तरीही २०२०-२१ मध्ये चलनातल्या नोटांचं मूल्य जवळपास १७ टक्क्यांनी वाढलं. विरोधाभास वाटतो, पण नाही. दवाखान्याचा प्रसंग कधी येईल सांगता येत नव्हतं, म्हणून नोट खर्चायची वस्तू न राहता कपाटात ठेवायची वस्तू झाली.

दुधाची गोष्ट वेगळी. म्हैस लॉकडाऊन पाळत नाही, सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते. घरचं दूध पूर्वीइतकंच खपत होतं. हॉटेलं, मिठाईवाले, लग्नकार्य बंद झाल्यानं वरचा खप गेला. म्हणून एप्रिल २०२० मध्ये राज्य सरकारनं रोज १० लाख लिटर जादा दूध २५ रुपये लिटरनं घेऊन भुकटी करायची योजना आणली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं सकल उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी घटलं, शेतीचं मात्र ३.४ टक्क्यांनी वाढलं. उत्पादन वाढलं म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पैसा वाढला असं नव्हे, हे दूधवाल्याला कुणी समजावायला नको. आणि खासबागेबाहेरची भेळेची गाडी त्या आकड्यात थेट मोजलीच जात नाही. असंघटित धंद्याचा अंदाज बराचसा संघटित धंद्यावरून बांधतात.

२०२१ च्या जून-जुलैत कोल्हापूर जिल्ह्याचा बाधितांचा दर राज्यात वरच्या बाजूला राहिला आणि निर्बंध लांबले. दुकानं उघडू द्या, अशी व्यापाऱ्यांची मागणी जोरात होती. पण बंदी उठली की गिऱ्हाईक परत येतं का? अमेरिकेत मोबाइलच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात दुकानांतली वर्दळ ६० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं, त्या साठातले फक्त ७ कायदेशीर बंदीमुळे; बाकीचं लोकांच्या भीतीनं. डेन्मार्कनं दुकानं बंद केली, शेजारच्या स्वीडननं बहुतेक उघडी ठेवली. सुरुवातीच्या आठवड्यांत खर्च डेन्मार्कमध्ये २९ टक्क्यांनी घटला, स्वीडनमध्ये २५. मात्र हे आकडे जसेच्या तसे इथं लावू नयेत. पगार घरबसल्या मिळणाऱ्याला घाबरून घरी बसता येतं. रोजंदारीवरच्याला ती मुभा नाही, त्याच्यासाठी बंदीचा वाटा नक्कीच मोठा होता.

२०२२ च्या सप्टेंबरात राज्यात लम्पी पसरला. हा गाई-बैलांचा त्वचारोग. माश्या, डास, गोचिडांमार्फत जनावरांत फिरतो, माणसाला होत नाही. जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली आणि सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये नुकत्याच मोकळ्या केलेल्या बैलगाडा शर्यतींना पुन्हा खीळ बसली. शर्यतीच्या पट्ट्याभोवती हजारो माणसं जमली असती तरी या जंतूला त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला जमलेले बैल चालले असते. त्याच महिन्यात फुटबॉल आणि कुस्तीला आडकाठी नव्हती, हॉटेलं भरलेली होती, दुधाला गिऱ्हाईक होतं. या वेळी फटका गोठ्यात बसला होता, गायी आजारी पडल्यानं दूधच कमी निघत होतं.