बाणांचा त्रिकोण आणि मोबाईलचा कॅमेरा

'प्लास्टिकवर बाणांचा त्रिकोण असला की ते रिसायकल होतेच, आणि मोबाईलने फोटो काढला की ॲप ते अचूक सांगते,' असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. चिन्हच तसे असल्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र १९८८ मध्ये अमेरिकेत ते सुरू झाले ते केवळ प्लास्टिकचा प्रकार कळावा म्हणून. त्रिकोणातला १ ते ७ पैकी आकडा तेवढेच सांगतो: १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचे 'पेट' (PET) नावाचे प्लास्टिक, ५ म्हणजे खाऊच्या डब्यांसाठी वापरतात ते पॉलिप्रोपिलीन आणि ७ म्हणजे उरलेले सगळे, ज्यात एकमेकांत मिसळलेली, वेगळी करायला फार अवघड अशी प्लास्टिकेही येतात.

चित्र ओळखणारे तंत्रज्ञान आकार, रंग आणि छपाई पाहून अंदाज बांधते. पदार्थाची घडण साध्या कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणूनच मोठ्या वर्गीकरण केंद्रांत डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचा आधार घेतला जातो, आणि काजळी घालून काळे केलेले डबे तिथेही बहुधा निसटतात, कारण काजळी ते किरण शोषून घेते.

पडताळा घरीच घेता येतो. पाण्याच्या बाटलीचा आणि तिच्या झाकणाचा एकेक तुकडा कापून पातेल्यातील पाण्यात बुडवावा आणि चिकटलेले बुडबुडे बोटाने काढावेत. झाकणाचा तुकडा वर येतो, बाटलीचा तळाशी बसतो, कारण दोन्ही प्लास्टिके वेगळी आहेत. फोटोत मात्र ती एकच वस्तू असते. ॲप वापरायला हरकत नाही, पण आपल्या भागातला भंगारवाला किंवा कचरा गोळा करणाऱ्या ताई कोणते प्लास्टिक खरोखर घेतात, हे त्यांनाच विचारावे.