झाडावरून उतर, ॲक्टिव्हावर उभा राहा

गेल्या रविवारी बडोद्याच्या कमाटीबागेत एक आई आपल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला झाडावरून खाली बोलावत होती. पोरगं चार फुटांवरच्या फांदीवर बसलं होतं. ‘‘उतर म्हटलं ना! पडलास तर हात मोडेल.’’ ते बिचारं उतरलं. थोड्या वेळाने दोघं फाटकाबाहेर आली. पोरगं ॲक्टिव्हावर आईच्या पुढ्यात, पाय ठेवायच्या जागेत उभं राहिलं, दोन्ही हातांनी आरसे धरले आणि गाडी काळ्या घोड्याच्या सर्कलकडे निघाली. हेल्मेट दोघांनाही नव्हतं.

तिला नावं ठेवायला मी हे सांगत नाही. माझ्या वडिलांनीही मला असंच लँब्रेटावर उभं करून दांडिया बाजारातून मांडवीपर्यंत नेलंय. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी कागद-पेन घेऊन बसलो.

फांदीवर बसलेल्या पोराचं डोकं जमिनीपासून फार तर पावणेदोन मीटरवर होतं. आता गाडीचं बघा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या टेम्पोवर आदळून जागच्या जागी थांबली, तरी पुढे उभं असलेलं पोर त्याच वेगाने पुढे जात राहतं. वरून पडून एवढा वेग यायचा तर सव्वासहा मीटर उंचीवरून पडावं लागेल, म्हणजे दोन मजले. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर पोराला कोणती आई उभं करेल? रस्त्यावर ती उंची आडवी असते, म्हणून डोळ्यांत भरत नाही, एवढंच.

हेल्मेटचं गणितही असंच सोपं आहे. डोकं किती उंचीवरून पडलं, याला ते किती अंतरात थांबलं याने भागायचं. येणारा आकडा म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या कितीपट झटका मेंदूला बसला. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं साधारण दीड मीटरवर असतं. ते डांबरावर आपटून तीन मिलिमीटरमध्ये थांबलं तर झटका पाचशेपट. हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर चेपत चेपत अडीच सेंटीमीटरमध्ये थांबवतो, तेव्हा साठपट. वरचं कडक कवच दिसायला छान, पण खरं काम आतला ठिसूळ थर करतो. एकदा चेपला की तो पुन्हा फुगत नाही, म्हणून आपटलेलं हेल्मेट टाकून द्यायचं असतं. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली निघाला. त्यात मोटरसायकलवाल्यांना हेल्मेटमुळे डोक्याला मार लागण्याचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने दुचाकीवरच्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं झालं. चारच्या आतल्यांना फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट, मोठ्या माणसाशी बांधणारा पट्टा आणि ४० ची वेगमर्यादा आहे. गंमत मधल्या काळात झाली. डिसेंबर २०१९ मध्ये गुजरात सरकारने शहरांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केल्याचं जाहीर केलं. बडोद्यात लोक खूश! पण प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि काही आठवड्यांतच सक्ती कायम आहे असं सरकारला सांगावं लागलं. डांबराला महापालिकेची हद्द कळत नाही, हे कोणी लक्षातच घेतलं नव्हतं.

‘माझं डोकं, मी बघीन’ हा मोठ्या माणसाचा युक्तिवाद मी एक वेळ ऐकून घेईन. पोराच्या बाबतीत तो लंगडा पडतो, कारण त्याला गाडीचा वेग दिसतच नाही. लंडनच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की प्राथमिक शाळेतल्या मुलांना ताशी ३२ किलोमीटरच्या वर वेग असलेली, पाच सेकंदांवर आलेली गाडी जवळ येतेय हे खात्रीने ओळखता येत नाही. आपला डोळा वेग मोजत नाही, गाडीचं चित्र किती भराभर मोठं होतंय ते मोजतो. आणि पाच सेकंदांवरची भरधाव गाडी पाच सेकंदांवरच्या हळू गाडीपेक्षा जास्त दूर असते, त्यामुळे तिचं चित्र हळू फुगतं. जी जास्त धोक्याची तीच पोराला उभी असल्यासारखी वाटते!

झाडाचं तसं नाही. फांदी लवते, हात भरून येतात, पोटात गोळा येतो. धोका स्वतःच बोलतो आणि पोर आपलं आपण थांबतं. न्यूझीलंडच्या ड्यूनेडिन शहरातल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला, त्यात लहानपणी पडून जखमी झालेल्यांमध्ये अठराव्या वर्षी उंचीची भीती कमी आढळली. (मुळात न घाबरणारी पोरंच जास्त चढत असतील, ही शंका रास्त आहे.) नॉर्वेच्या संशोधक एलन सँडसेटर यांनी उंची, वेग, धारदार हत्यारं, मस्तीची झोंबाझोंबी अशा जोखमीच्या खेळांचे प्रकार पाडले आणि पोरं यातूनच आपली भीती मोजायला शिकतात असं मांडलं. व्यायामशाळावाल्या प्रोफेसर माणिकरावांच्या बडोद्यात हे नॉर्वेकडून ऐकावं लागतंय. मल्लखांबावर दुसरं काय असतं? पोर चढतं, घसरतं, खाली कोणीतरी हात धरायला उभं असतं.

इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं एकटी शाळेत जायची. १९९० मध्ये उरली ९ टक्के. त्याच काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या घटली आणि रस्ते सुरक्षित झाल्याचा डंका वाजला. मेयर हिलमन या अभ्यासकाने म्हटलं, रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, तुम्ही मुलं उचलून आत ठेवलीत. आमच्या विश्वामित्री नदीत कोणी उतरलंच नाही तर मगरी धरणार कोणाला? त्यावरून मगरी शाकाहारी झाल्या असं आपण म्हणत नाही.

मला खरं कोडं वाटतं ते उत्तरायणाचं, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाचं. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, कारण सुती दोरा ताणला की तुटतो, नायलॉन तुटायच्या आधी गळा कापतो. बंदी असूनही तो दर वर्षी सापडतोच, आणि जानेवारी लागला की बडोद्यातल्या गाड्यांच्या हँडलवर मांजा अडवायला तारेची कमान चढते. कोणाचा दंड नाही, पोलिसाची शिट्टी नाही, लोक आपण होऊन रस्त्याच्या कडेला थांबून कमान बसवून घेतात. पोरगंही कमानीच्या आत नीट उभं केलं जातं. हेल्मेट डिकीत.