काट्यावरचे वजन संगणकावर सतत कसे येते : ग्राहकांसाठी माहिती

इंडिकेटरवरचा (काट्याचे वजन दाखवणाऱ्या यंत्रावरचा) आकडा आणि संगणकाच्या पडद्यावरचा आकडा एकच असला पाहिजे, ही आपली अपेक्षा रास्त आहे. ती कशी पूर्ण होते आणि कुठे अडते हे ठाऊक असल्यास किरकोळ कारणासाठी गाड्यांची रांग खोळंबणार नाही.

वजनकाट्याचे इंडिकेटर बहुधा सतत पाठवण्याच्या पद्धतीवर लावलेले असतात. संगणकाने विचारो वा न विचारो, सिरियल पोर्टमधून (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीतून) ते सेकंदाला अनेकदा वजन पाठवत राहतात. ९६०० बॉड रेटला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट या वेगाला, एका अक्षरामागे १० बिट खर्ची पडत असल्यास, सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरे येतात. संगणकाला हा वेग अगदीच मामुली आहे. अडचण येते ती तुकड्यांची. १८४६० किलोचा आकडा एकसंध हाती येईलच असे नाही. एका वाचनात ‘१८४’ आणि पुढच्या वाचनात ‘६०’ असेही येऊ शकते. म्हणून आमचा प्रोग्रॅम आलेली अक्षरे आधी साठवतो आणि प्रत्येक वजनामागून इंडिकेटर जे समाप्तीचे चिन्ह पाठवतो, ते मिळाल्यावरच आकडा पूर्ण झाला असे मानतो. हे वाचन स्वतंत्र थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या इतर कामांना समांतर, चालत असल्यामुळे पावती छापताना किंवा जुन्या नोंदी शोधतानाही पडद्यावरचे वजन अडकत नाही.

गाडी उभी राहिल्यावरही वजन काही क्षण हलत असते. इंडिकेटर स्थिरतेची खूण पाठवत असेल तर ती तपासून, नसेल तर लागोपाठची वजने जुळतात का हे पाहून, मगच ‘वजन घ्या’ हे बटण खुले होते.

दोन सेकंदांत नवे वजन आले नाही, तर आकडा पुसला जाऊन त्याजागी आडव्या रेघा दिसतात. शेवटचा आकडा तसाच राहू द्यावा, अशी विनंती अधूनमधून होते. ती आम्ही मान्य करत नाही, कारण केबल निखळलेली असताना मागच्या गाडीचे वजन पुढच्या गाडीच्या पावतीवर छापले जाण्यापेक्षा रांग थोडी थांबलेली परवडते.

रेघा दिसल्यास केबलचे स्क्रू दोन्ही टोकांना घट्ट आहेत ना, हे पाहावे. सिरियल केबल संगणकाच्या यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावला असल्यास विंडोज त्याला नवा कॉम क्रमांक (सिरियल पोर्टचा विंडोजमधला क्रमांक) देऊ शकते. तो क्रमांक विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहून आमच्या सेटिंगमध्ये निवडावा. विंडोजमध्ये एक कॉम पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो, त्यामुळे तोच पोर्ट वापरणारा दुसरा प्रोग्रॅम बंद करावा. रेघांऐवजी भलतीच अक्षरे उमटू लागली, तर बॉड रेट किंवा पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीच्या जादा बिटची पद्धत) इंडिकेटरशी जुळत नाही असे समजावे. काटाघर लांब असल्यास मात्र केबल परस्पर वाढवू नये : आरएस-२३२ या सिरियल जोडणीच्या पद्धतीसाठी सुमारे १५ मीटर ही नेहमीची मर्यादा आहे, तर आरएस-४८५ या दुसऱ्या पद्धतीवर सुमारे १२०० मीटरपर्यंत जाता येते. यांपैकी कोणत्याही कामासाठी काट्याच्या कॅलिब्रेशनला (वजन अचूक दाखवण्यासाठी केलेल्या जुळणीला) हात लावावा लागत नाही; तेव्हा आमचा माणूस आला असला तरी वैधमापन विभागाचे सील त्याला काढू देऊ नये.