पान शाबूत, काम बंद

पोळ्याच्या सुमारास विदर्भातल्या कपाशीच्या शेतात जा आणि एखादं मधलं पान उलटं करून बघा. शिरांच्या आडोशाला फिकट हिरवे, कणीएवढे जीव दिसतील. बोट जवळ नेलं की ते खेकड्यासारखे तिरपे पळतात. हे तुडतुडे. अळीने खाल्लेलं पान लांबूनही ओळखू येतं. तुडतुड्याच्या पानाला मात्र भोक नसतं, कुरतडलेली कड नसते. ते फक्त कडेने पिवळं पडून खालच्या बाजूला वळायला लागलेलं असतं.

हा फरक नुसता दिसण्यातला नाही. अळीने पानं खाल्ली, तर उरलेली पानं पुष्कळदा जास्त काम करून तूट थोडीफार भरून काढतात. रस शोषणाऱ्या किडी पडल्या की अशी भरपाई फारशी होत नाही. वृक्ष-झुडपांवरच्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१० साली एकत्र तपासले, तेव्हा पानं खाणाऱ्या किडींपेक्षा रसशोषक किडींचा फटका जास्त बसतो असं दिसलं.

आता किडीची सोंड पानाच्या आत काय करते ते पाहू. मावा ही अशीच एक रसशोषक कीड. तिची सोंड केसाहून बारीक असते. पेशींच्या मधल्या फटींतून वाट काढत ती अन्नरस वाहून नेणाऱ्या नळीपर्यंत पोहोचते. त्या नळीतला दाब मोटारीच्या टायरमधल्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे माव्याला फारसं ओढावं लागत नाही. तोटी उघडल्यासारखा रस आपोआप येतो. केनेडी आणि मिटलर या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये हे दाखवून दिलं. त्यांनी रस पिणाऱ्या माव्याची सोंड कापली, तरी झाडात रुतलेल्या तुकड्यातून रस ठिबकतच राहिला.

या रसात साखर भरपूर, पण प्रथिनांचा कच्चा माल जेमतेम. तो पुरेसा मिळवायचा तर मावा खूप रस पितो आणि नको असलेली साखर मागून बाहेर टाकतो. शेतकरी ज्याला ‘चिकटा’ म्हणतात तो हाच. त्यावर काळी बुरशी वाढते. कोकणात मोहरावर तुडतुडे आले की आंब्याची पानं काळी पडतात, तीही अशाच काजळीने. ही बुरशी पानाच्या आत शिरत नाही. ओल्या बोटाने पुसलं तर खाली हिरवं पान निघतं. पण तोवर ते पान सावलीत बसल्यासारखं असतं, आणि उजेड नाही म्हटल्यावर प्रकाशसंश्लेषण कुठलं व्हायला?

तुडतुड्याची तऱ्हा मला यापेक्षा विलक्षण वाटते. या गटातल्या अमेरिकेतल्या बटाट्याच्या तुडतुड्यावर बराच अभ्यास झाला आहे. तो सोंड पुन्हा पुन्हा खुपसतो आणि लाळ सोडतो. जखम आणि लाळ मिळून शिरांमधल्या नळ्या चोंदतात. पानात तयार झालेली साखर बाहेर जाऊ शकत नाही, तिथेच साठते. साखर तुंबली की प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा मंदावते. म्हणजे पान उपाशी पडतं म्हणून थांबतं असं नाही. कोठार भरलेलं आणि रस्ता बंद, म्हणून ते थांबतं! इकडे कपाशीच्या बोंडांना मात्र साखर मिळत नाही. पुढे हरितद्रव्य घटतं, कडा पिवळ्या पडतात, मग लाल, शेवटी करपतात. साखर साठण्याने लाल रंगद्रव्य तयार व्हायलाही चालना मिळते. लाली दिसली की गावात लगेच ‘लाल्या आला’ म्हणतात. तो मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडल्यानेही येतो, म्हणून खताची पिशवी फोडण्याआधी पान उलटून बघावं. शिवाय युरिया जास्त झाला की लुसलुशीत पानांवर तुडतुडे वाढतातच.

बीटी कपाशीचा इथे उपयोग नाही. भारतात तिला २००२ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यातलं विष बोंडअळ्यांसाठी आहे, तुडतुड्याला त्याने काही होत नाही. उलट बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्यावर रसशोषक किडींना मोकळं रान मिळालं.

झाडाकडे स्वतःचा एक उपाय असतो: लव. तुडतुड्याची मादी पानाच्या शिरेत अंडी घालते, आणि दाट लव असेल तर तिला तिथवर पोहोचणं अवघड जातं. म्हणून केसाळ वाण तुडतुड्याला दाद देत नाहीत. गंमत अशी की तीच दाट लव पांढऱ्या माशीला, म्हणजे दुसऱ्या एका रसशोषक किडीला, मानवते.

फवारणीचा निर्णय घेण्यासाठी झाडाचं वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन पानं उलटून तुडतुडे मोजतात. पानामागे सरासरी २ ते ३ पिल्लं दिसली, तर औषधाचा विचार करायचा. मोजणी सकाळी करावी. ऊन चढलं की मोठे तुडतुडे झाड हलताच उडतात आणि आकडा खोटा येतो.