टिकीथेरियमचा दात आणि चिचुंद्री

२००५ साली भारतीय जीवाश्मतज्ज्ञ पी. एम. दत्ता यांनी मध्य प्रदेशातल्या टिकी खडकांमधून मिळालेल्या एका दाढेचं वर्णन प्रसिद्ध केलं. खडक ट्रायासिक काळातले, वय बावीस-तेवीस कोटी वर्षं. सस्तनांचा आद्य नातलग मानलेल्या या प्राण्याला नाव दिलं टिकीथेरियम कोपेई. हाती होती वरच्या जबड्यातली फक्त एक दाढ.

एका दाढेवरून प्राण्याला नाव देणं धाडसाचं वाटेल, पण या शाखेत ते रोजचंच. सस्तन प्राण्यांचे हे आद्य नातलग उंदराएवढे किंवा त्याहून लहान. त्यांची हाडं चुरा होऊन जातात. मागे उरतं ते दातावरचं इनॅमल. ते जवळपास ९६ टक्के खनिज, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. शिवाय बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात आयुष्यभर पडत-उगवत राहतात. बहुतेक सस्तनांना मात्र दातांचे फार तर दोनच संच मिळतात, त्यामुळे वरच्या-खालच्या दाढा कुलूप-किल्लीसारख्या एकमेकींत बसू शकतात. दाढेवरच्या उंचवट्यांची मांडणी पाहून जाणकार तिचं कूळ सांगतात.

हे दात शोधणं मोठं चिकाटीचं काम. चिखलदगड वाळवायचा, पाण्यात भिजवून विरघळवायचा, बारीक चाळणीतून गाळायचा आणि उरलेला कचरा सूक्ष्मदर्शकाखाली कण-कण तपासायचा. गडचिरोलीत प्राणहितेकाठच्या कोटा गावावरून ज्यांना नाव मिळालं, त्या ज्युरासिक खडकांमधून कोटाथेरियम आणि इंडोथेरियम असेच पुढे आले. डायनोसॉरच्या काळातले हे चिमुकले जीव. मला तर तिथल्या बारापासॉरस या अजस्र डायनोसॉरपेक्षा त्यांचंच कुतूहल जास्त.

टिकीथेरियमची दाढ मात्र वेगळीच निघाली. तिची रुंदी आणि ठेवण त्या काळाच्या मानाने फारच पुढारलेली होती, आणि तेच तिचं आकर्षण होतं. २०२४ मध्ये अवेरियानोव आणि व्होयता या रशियन संशोधकांनी तिची तुलना चिचुंद्रीच्या कुळातल्या दातांशी केली. ती तंतोतंत जुळली! त्यांच्या मते हा दात निओजीन काळातल्या, म्हणजे फार तर सुमारे दोन कोटी तीस लाख वर्षांपूर्वीच्या चिचुंद्रीचा आहे आणि तो नंतरच्या गाळातून जुन्या खडकाच्या नमुन्यात मिसळला. अंतर थोडंथोडकं नाही, वीस कोटी वर्षांचं.

यामुळे टिकीचे खडक रिकामे झाले असं नाही. तिथून रेवाकोनोडॉनसारखे सस्तनांचे जवळचे नातलग सापडले आहेत. त्यांचीही ओळख दातांवरूनच पटली आहे.