लाल जिवाणू, हिरवे जिवाणू आणि पाण्यातला गंधार

उन्हाळ्यात सांगलीत बंधाऱ्याच्या वर पाणी थांबलं की कृष्णा हिरवी व्हायला लागते, मग फोटो फिरतात आणि कोणीतरी हमखास लिहितं की समुद्र बघा कसा निळाशार, आकाशाचं प्रतिबिंब पडतं ना त्यात. हे प्रतिबिंबाचं प्रकरण काही मरत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली बोटीवरून निकोल प्रिझम (परावर्तित उजेड गाळणारा स्फटिक) लावून पृष्ठभागावरची चमक काढून टाकली, तरी समुद्र निळाच. पाण्यात उजेड विखुरतो हे एक, आणि पाणी लाल उजेड खातं हे दुसरं. ते का खातं हे मला जाम आवडतं, म्हणून तिथंच जरा रेंगाळतो.

मिरजेच्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की कोणी न लावलेला गंधार ऐकू येतो, तोच स्वयंभू गंधार. मूळ कंपनाच्या पाचपट. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजनचा बंध असाच हलतो, त्याचं मूळ कंपन इन्फ्रारेडमध्ये, साधारण ३ मायक्रॉन म्हणजे ३००० नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे डोळ्याला न दिसणारं, पण कंपन जितके पट तितकी तरंगलांबी लहान, त्यामुळं त्याच्या चौपट, पाचपट, सहापट जागा येतात ७४२, ६०५ आणि ५१४ नॅनोमीटरच्या आसपास आणि तिथला उजेड पाणी जास्त शोषतं. पट वाढेल तसा जोर कमी, त्यामुळं लाल लगेच संपतो आणि निळा खोल जातो. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम असतो, तार जड झाली की स्वर उतरणारच, सगळं इन्फ्रारेडकडं सरकतं आणि ते पाणी जवळपास बिनरंगी राहतं. (पाण्याच्या 'व्हायब्रेशन'ला मंत्र ऐकवून किंवा निळ्या बाटलीत उन्हात ठेवून औषध विकणाऱ्यांनी हा भाग वाचू नये, तब्येत बिघडेल.)

आता या शोषणाच्या जागांच्या मधल्या फटींत जो उजेड उरतो त्यावर पाण्यातले तरंगते सूक्ष्म जीव जगतात. ५१४ आणि ६०५ च्या मधल्या हिरव्या-पिवळ्या पट्ट्यात फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य बसतं, ६०५ च्या पलीकडं नारिंगी-लाल उजेडात निळसर फायकोसायनिन. लाल दिसणारा जीव लाल परत पाठवतो आणि हिरवा खातो, हे डोक्यात ठेवा, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाटेल.

अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी बाल्टिक समुद्रातले लाल (फायकोएरिथ्रिनवाले) आणि हिरवे (फायकोसायनिनवाले) सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर जगणारे जिवाणू, एकत्र वाढवले, निकाल २००४ मध्ये आला: हिरव्या उजेडात लाल जिंकले, लाल उजेडात हिरवे, आणि पांढऱ्या उजेडात दोघंही टिकले, कारण खाणं वाटून घेतलेलं.

स्वच्छ खोल समुद्रात निळाच उरतो, तिथं प्रोक्लोरोकोकस या सायनोबॅक्टेरियाचं राज्य, त्याचं क्लोरोफिलच निळ्यासाठी थोडं बदललेलं. उलट कुजलेल्या पाल्यानं तपकिरी झालेल्या तळ्यात निळा वरच संपतो, म्हणून फायकोसायनिनवाल्यांची चलती. कृष्णेत सांडपाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस आणि साठलेलं पाणी हा मोठा वाटा आहेच, ते मी नाकारत नाही, पण वाढणाऱ्यांत पुढं कोण जाणार यात उरलेल्या उजेडाच्या रंगाचाही हात असतो.

आणि काही समुद्री सिनेकोकोकस (हेही सायनोबॅक्टेरियाच) तर बाजूच घेत नाहीत, हिरव्याचा निळा उजेड झाला की काही दिवसांत आपल्या प्रथिनांवरचं रंगद्रव्यच बदलून टाकतात.